शरबताचा इराणी चमचा

प्रश्न : आमच्या घरी फडताळात जाळीदार, लांब दांड्याचा लाकडी चमचा आहे. तो इराणी असल्याचे आजी सांगत असे. कोकम सरबतासाठी वापरावा का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा शरबताचा चमचा असावा. इराणच्या फार्स प्रांतातील आबादे हे गाव १९व्या शतकात, काजार राजवटीत, अशा चमच्यांसाठी नावाजलेले होते. नासपतीच्या किंवा शमशादच्या (बॉक्सवुडच्या) घट्ट पोताच्या लाकडातून वाटी इतकी पातळ कोरीत, की उजेडासमोर धरल्यास तिच्यातून प्रकाश झिरपतो, आणि वेगळा कोरलेला जाळीदार दांडा तिला नंतर जोडीत. शरबताच्या मोठ्या वाडग्यात असे चमचे ठेवीत व मंडळी त्यांनीच शरबत पीत. आपली करवंटीची डवली रोजच्या राबत्याला असते. हे काम मात्र फार नाजूक आहे.

म्हणून कृपया वापरू नका. कोकमाचा रंग लाकडात मुरेल आणि ओलीने सांधा सुटेल. खोबरेल तेलही लावू नये, त्यावर धूळ चिकटते. मऊ, कोरड्या कुंचल्याने जाळी झाडावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येत नाही ना, हे अधूनमधून आवर्जून पाहावे.