नाग नदीवर पीएचडी करायची म्हणतेस तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाइड म्हणतात प्रयोगशाळेत सीएफडीचं, म्हणजे प्रवाह संगणकावर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स आहे, त्यावर बसेल असा विषय घे. आणि तुझा जीव नागपूरच्या नाग नदीत अडकलाय. यात भांडणाचं काही नाही. संगणक लागेलच, पण त्याला विचारायचा प्रश्न नदीवरून आण. सॉफ्टवेअरला जमतं म्हणून विषय घेतलेले प्रबंध मी तपासले आहेत. पानोपानी रंगीत चित्रं असतात, आणि ‘यातून नवीन काय कळलं?’ असं विचारलं की मुलं गप्प होतात. मेहनत खरी असते, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

एक प्रश्न मी सुचवते. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून एक समीकरण मांडलं. नदीत सांडपाणी पडलं की जिवाणू ते कुजवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात आणि पृष्ठभागावरून हवा तो पुन्हा भरत राहते. या दोन्ही वेगांचा हिशेब म्हणजे ते समीकरण. वेग सहसा २० अंश तापमानाला दिलेले असतात. पुढच्या प्रत्येक अंशाला कुजण्याचा वेग १.०४७ ने आणि हवा मिसळण्याचा १.०२४ ने गुणायचा, अशी सर्रास रीत आहे.

आता आपला मे महिना घे. पाणी ३५ अंशांवर गेलं असं धर. कुजणं दुप्पट होतं, हवेचं मिसळणं मात्र दीडपटही होत नाही. वर पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकदच घटते: २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३५ ला जेमतेम ७. म्हणजे डिसेंबरात बसवलेलं मॉडेल मे महिन्यात तसंच चालवलं तर नदी आहे त्यापेक्षा बरी दिसेल. हे गुणक इतक्या गरम, इतक्या घाण पाण्यात टिकतात का, हे तपासण्यासारखं आहे.

आणि इथेच आपलं द्रवयांत्रिकी येतं. हवा किती मिसळेल हे पृष्ठभागाजवळच्या खळबळीवर ठरतं. ओकॉनर आणि डॉबिन्स यांच्या सूत्रात तो दर प्रवाहवेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो आणि खोलीच्या दीड घाताने घटतो. वेग तोच राहून खोली निम्मी झाली तर दर जवळपास २.८ पट. पण साबणाचा फेस, जलपर्णी, अडकलेलं प्लास्टिक यांनी पृष्ठभागच झाकला, तर ते सूत्र काय करणार? मला विचारशील तर तुझा प्रबंध इथे आहे.

सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. पुलावरून एक संत्रं सोड, सालीसकट, सोललेलं बुडतं. ते बहुतेक पाण्याखालीच राहतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. दोन खुणांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून पृष्ठभागाचा वेग मिळतो, त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरीचा चांगला अंदाज येतो. सेकंदाला ०.४ मीटर वेग आणि अर्धा मीटर खोली आली, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा, दोन लाखांच्या वर जातो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ विस्कटताना पाहिली, ती अवस्था साधारण दोन हजारांच्या आसपासची. इतकं कागदावर मांडल्याशिवाय मेश, म्हणजे संगणकातली हिशेबाची जाळी, काढायला बसू नकोस.

प्राणवायूचा नमुना तिथेच, काठावर पक्का कर. विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीचं द्रावण घातलं की बाटलीत साका धरतो. तपकिरी असेल तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. शहराच्या खालच्या अंगाला पांढरा साका पाहिलास की आलेखावरच्या शून्याचा अर्थ वेगळाच कळतो.

गाइडना उद्योगाशी जोडलेलं काम हवं असेल, तर कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आहेच. स्टोक्सच्या नियमाने ५० मायक्रॉनचा कण सेकंदाला दीड मिलिमीटर खाली बसतो, म्हणजे स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला अकरा-बारा मिनिटं. ५ मायक्रॉनच्या कणाला शंभरपट वेळ, अठरा-एकोणीस तास. राखेतले पोकळ गोळे तर बसतच नाहीत, तरंगतात. राखतळ्याचा आराखडा याच फरकावर उभा असतो. विषय चांगला आहे, पण तिथे आत जायची परवानगी लागते. नदीला ती लागत नाही.

गाइडशी बोलताना ‘सीएफडी नको’ म्हणू नकोस. एक पुलाचा पट्टा घ्यायचा, तिथला फेसाखालचा प्रवाह संगणकावर काढायचा आणि मोजमापाशी ताडायचा, असं सांग. ते हो म्हणतील. प्रत्येक आकड्यापुढे त्याची चूक किती असू शकते ते लिही, आणि न जुळलेले आकडे खोडू नकोस. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, कितीही घाई असली तरी.

पावसाळ्यात मोजमाप पुलावरूनच, आणि सोबत कुणीतरी हवंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी किती लवकर घरांत शिरलं ते तू ऐकलं असशील. एरवीही हातमोजे, गमबूट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन टाक. दिवाळीआधी पहिले आकडे पाठव, मी तपासून देते.

तुझी,
मॅडम