वाचकांचे प्रश्न : माइक नंतर, आधी खोली बघा

प्रश्न : दादा, मी सिडकोत राहते, भावगीतं आणि अभंग गाते. सेलमध्ये साडेचार हजारांचा यूएसबी कंडेन्सर माइक घेतला, पण रेकॉर्डिंग ऐकलं की बाथरूममध्ये गातेय असं वाटतं आणि मागून रिक्षा, कुकरची शिट्टी सगळं ऐकू येतं. बारा हजारांचा माइक घेतला तर फरक पडेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, माइक अजिबात बदलू नका. बारा हजारांचा आणलात तर तो तीच खोली आणखी स्वच्छ ऐकवेल, बाकी काही होणार नाही. आपल्याकडे खोल्या दहा बाय दहाच्या, खाली टाइल्स, चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर, त्यामुळे आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये येतो आणि तोच तुम्हाला बाथरूमसारखा वाटतो. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, मागे टण्ण अशी शेपटी ऐकू आली की समजा गडबड तिथे आहे.

आता करायचं काय, तर कपड्यांचं कपाट पूर्ण उघडायचं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. पाठ, तोंड नाही! बहुतेकजण माइकच्या मागे काहीतरी लावतात, पण हे माइक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतात, आणि माइकच्या समोर तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत असते म्हणून मऊ काहीतरी तिथे हवं. कपाट नसेल तर आजीची जाड गोधडी किंवा रजई दोरीवर टाका, भिंतीला चिकटवू नका, चार-सहा इंच जागा सोडा म्हणजे जरा खालचे सूरही शोषले जातात. अंड्याचे ट्रे लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी, पातळ पुठ्ठ्याने आवाज बाहेरून यायचाही थांबत नाही आणि आतला घुमायचाही थांबत नाही. रस्त्याकडची खिडकी माइकच्या पाठीमागे येईल असं उभं राहा, तिच्यावर जाड पडदा टाका, पंखा बंद, फ्रिज शेजारच्याच खोलीत असेल तर गाणं होईपर्यंत तोही बंद.

आणि अंतर. तोंडापासून वीतभर ठेवा. दोन फुटांवरून एका फुटावर आलात की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो, म्हणजे फुकटात रेकॉर्डिंग सुधारलं. फार चिकटलात तर मात्र आवाज जाड आणि बोजड होतो. ‘पंढरी’मधला प किंवा ‘भक्ती’मधला भ माइकवर फुटत असेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा स्टॉकिंग ताणून माइकच्या चार बोटं पुढे लावा, झाला पॉप फिल्टर.

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि लेव्हल अशी लावा की सगळ्यात वरच्या तानेलाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपासच राहील. लाल दिवा लागला की तो टेक गेला, नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने तो नीट होत नाही. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे आणि सुरुवातीला पुरते.

प्रश्न : कराओके ट्रॅकवर गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो, ताल सुटतो. लॅपटॉप बदलावा लागेल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही. हेडफोन ब्लूटूथचा असेल तर आधी तो काढा, उशीर बहुतेक तिथेच आहे. वायरवाला, कान झाकणारा घ्या, नाहीतर ट्रॅकचा आवाज गळून माइकमध्ये जातो. मग सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज केवढ्या तुकड्यांत साठवून पुढे देतो ते, १०२४ सॅम्पल असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला एका बाजूलाच २३ मिलिसेकंद जातात, १२८ केलं की जेमतेम ३. विंडोज असेल आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) वापरत असाल तर त्याच्या कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, टाका. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. आणि चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा बारीक आवाज येत असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, आवाज गेला तर चार्जर किंवा घराच्या अर्थिंगमध्ये दोष असू शकतो. इलेक्ट्रिशियनला दाखवा, पण प्लगची तिसरी पिन काढायचा उद्योग करू नका.

प्रश्न : आमचं पंचवटीत भजनी मंडळ आहे. पेटी, तबला, टाळ आणि पाच-सहा गळे. दोन यूएसबी माइक घेतले तर घरी रेकॉर्ड करता येईल ना? बाबांची खूप इच्छा आहे.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाबांची इच्छा आहे ना, मग करूच, असे आवाज राहिले पाहिजेत. फक्त दोन यूएसबी माइक घेऊ नका. प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं चालतं, दहा-पंधरा मिनिटांच्या भजनात दोन्ही ट्रॅक हळूहळू सरकतात आणि मग जुळवत बसा. दोन माइक हवेच असतील तर दोन इनपुटचा एक इंटरफेस आणि साधे एक्सएलआर माइक, म्हणजे यूएसबीऐवजी तीन पिनांच्या वायरने जोडायचे. कंडेन्सर असतील तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, त्याशिवाय माइक बोलतच नाही.

पण मी म्हणेन आधी एकच माइक घेऊन बघा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळात गायक, पेटी, तबला सगळे एकाच माइकभोवती बसायचे आणि कोण पुढे कोण मागे यावरच सगळं मिक्सिंग व्हायचं. बाबा वीत-दीड वितीवर, पेटी हातभर मागे, तबला त्याहून थोडा मागे, कोरस अर्धगोल करून, आणि टाळवाले सगळ्यात लांब, शक्य असेल तर दाराबाहेर पॅसेजमध्ये! टाळ जवळ असला की बाकी सगळ्यांवर चढतो, खरंच. एक मिनिट वाजवा, ऐका, ज्याचा आवाज जास्त आहे त्याला मागे सरकवा, परत ऐका. यातच सगळी मजा आहे आणि यालाच वेळ द्या. सतरंजी अंथरून बसा म्हणजे फरशी आवाज फेकणार नाही.

पेटीबद्दल एक गोष्ट. जुन्या पेट्या बरेचदा आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोड्या वर किंवा खाली असतात. बाबा काळी एकमध्ये गात असतील तर त्या पट्टीचा सा पेटीवर धरा, मोबाइलच्या ट्यूनर ॲपमध्ये किती सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) फरक आहे बघा आणि तानपुरा ॲप तेवढंच सरकवा, मग तबला लावा. नाहीतर पेटी आणि तानपुरा भजनभर एकमेकांशी भांडत राहतात आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही. माइक पेटीच्या भात्याकडे नको, फसफस येते, सुरांच्या बाजूने आणि थोडा वरून ठेवा.

प्रश्न : नाशिक ढोल घरात रेकॉर्ड करता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : घरात नका करू, छोट्या खोलीत ढोल म्हणजे नुसता गोंगाट होतो आणि शेजारीही येतील. मोकळं मैदान बघा, वारा नसेल अशी सकाळ, आणि कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक. शूरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि असे दणके आरामात सोसतो, फक्त नकली खूप विकले जातात म्हणून पक्कं बिल घेऊनच घ्या. माइक पाच-सहा फुटांवर ठेवा, गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची कळ, जवळजवळ शून्यापासून सुरू करा, आणि पथकाला पूर्ण जोरात वाजवायला सांगून मगच लेव्हल लावा, कारण तपासणीला सगळे हळू वाजवतात आणि खरं सुरू झालं की दुप्पट.