युती आणि आघाडी

प्रश्न असा आहे: निवडणुकीआधी जमलं तर युती आणि निकालानंतर जमलं तर आघाडी, असा काही नियम आहे का?

नाही. शिवसेना आणि भाजप १९८९मध्ये एकत्र आले, ती युती. १९९९मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढून निकालानंतर सत्तेत एकत्र आले, ती आघाडी. पण २००४मध्ये त्यांनी आधी जागा वाटून घेतल्या, तरी तीही आघाडीच! शिवाय मुंबईत 'युती' असलेले तेच दोन पक्ष दिल्लीत 'राष्ट्रीय लोकशाही आघाडी'त बसायचे. एकाला एक नाव चिकटलं, दुसऱ्याला दुसरं, एवढंच. पुढे 'महायुती' आणि 'महाविकास आघाडी' ही नावंही त्याच वळणावर गेली.

शब्द म्हणून मात्र दोघांची घराणी वेगळी. आघाडी रणांगणातली. सैन्याची पुढची फळी ती आघाडी, मागची ती पिछाडी. हिंदीवाले याच अर्थाने 'मोर्चा' म्हणतात, पण आपण 'डावा मोर्चा' म्हटलं तर डोळ्यांसमोर आझाद मैदान येईल. मोर्चाचा जुना लष्करी अर्थ आपल्याकडे 'मोर्चेबांधणी'त तेवढा उरलाय.

युती आली आकाशातून. पंचांग उघडा, ग्रहांच्या युती-प्रतियुती सापडतील. दोन ग्रह आकाशात एकमेकांजवळ दिसले की युती. 'दिसले' हे महत्त्वाचं. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच ठिपका वाटत होता. प्रत्यक्षात दोघांमध्ये ७० कोटी किलोमीटरांहून जास्त अंतर होतं. राजकारणासाठी हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा वापरला, त्याला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे!

'सूर्यसिद्धान्त' या जुन्या संस्कृत खगोलग्रंथात तर या प्रकरणाचे पोटभेदच दिलेत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी यांच्यात आपापसांत जवळीक झाली तर ते 'युद्ध' किंवा 'समागम'. चंद्राशी झाली तर 'समागम'. आणि सूर्याशी झाली तर त्या ग्रहाचा 'अस्त'. मोठ्या पक्षाशी हातमिळवणी करणाऱ्या छोट्या पक्षांनी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

व्युत्पत्ती बघायची तर 'यु' धातूला 'ति' प्रत्यय लागून 'युति' झालं. (युक्ती आणि योग यांचा धातू 'युज्', तो वेगळा.) या 'यु'चा अर्थ धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'मिश्रणे अमिश्रणे च' असा दिलाय, म्हणजे मिसळणे आणि वेगळे करणे, दोन्ही. २०१४मध्ये शिवसेना-भाजप तुटले, पुन्हा जुळले, २०१९मध्ये पुन्हा तुटले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती.