लस आधी की लसीका?

सोलापुरातल्याच एका वाचकाचा प्रश्न आहे : 'आईच्या रक्ताच्या रिपोर्टात लिम्फोसाइट आणि मुलीच्या पुस्तकात लसीका पेशी. लस टोचल्यावर या पेशी तयार होतात म्हणून हे नाव पडलं का?'

नाही. लिम्फोसाइट आणि लसीका पेशी एकच : जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. आता नावाचं. गुडघा खरचटला की पाण्यासारखं चिकट काहीतरी पाझरतं, तेव्हा आपण 'लस येतेय' म्हणतो. तो अर्थ आधीचा. आयुर्वेदातली लसीकाही त्वचेतला, जखमेतून झिरपणारा द्रवच. मुंबईत १८०२ मध्ये देवीच्या रोगाविरुद्धची भारतातली पहिली लस टोचली गेली. त्या काळी एकाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याच्या दंडात घालत. द्रवाचं नाव असं औषधाला चिकटलं, आणि आता औषधच मूळ वाटू लागलंय!

आजच्या परिभाषेत लसीका म्हणजे लिम्फ, शरीरभर फिरणारा पातळ द्रव. लसीका पेशी त्यात आढळतात, पण त्यांचा जन्म तिथला नाही. हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींपासून त्या बनतात. काही मगजातच तयार होतात, त्या 'बी'. काही कोवळ्या असतानाच छातीतल्या थायमस ग्रंथीत जातात, त्या 'टी'. तिथली परीक्षा कडक : स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी बाद होतात आणि बहुतेक उमेदवार तिथेच मरतात. वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसत जाते, म्हणून पाठ्यपुस्तकात ती 'यौवनलोपी'. परिभाषेतला इतका चपखल शब्द मला तरी दुसरा आठवत नाही.

घडताना प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे जोडून स्वतःची वेगळी खूण बनवते. आपल्या चादरीसारखंच : सुताचे रंग मोजके, नक्षी अगणित. जंतू आला की ज्या पेशीची खूण त्याच्याशी जुळते, तीच वाढते. मग त्या एकाच नक्षीचे तागेच्या तागे निघतात. लस टोचल्यावरही हेच होतं, म्हणजे तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे.

ही वाढ मुख्यतः लसीका गाठींत होते. पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजते, तिला आपली म्हातारी माणसं 'अवधाण आलं' म्हणतात. 'लिम्फ नोड सुजलाय' म्हणण्याऐवजी हा शब्द वापरायला काय हरकत आहे? आणि 'लसीका कोशिका' दिसलं तर गोंधळू नका. शाळेतली पेशी विश्वकोशात कोशिका होते.