ब्रिटनमधील एमएस्सी ‘ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटर सायन्स’साठी नोकरी सोडून, कर्ज काढून जावे का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पुण्यातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन तीन वर्षे बॅकएंडचे (सर्व्हरच्या बाजूच्या प्रोग्रॅमिंगचे) काम केल्यावर, जे आपण रोज करतोच त्यापलीकडे या अभ्यासक्रमात काय शिकायला मिळते. आणि त्यासाठी कर्ज काढणे योग्य ठरेल का. मी हाच अभ्यासक्रम मँचेस्टर विद्यापीठात, तुमच्याप्रमाणेच काही वर्षे नोकरी करून मग केला. पहिल्या भागाबद्दल मी अधिक लिहिणार आहे, कारण दुसऱ्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

आधी एक खात्री करून घ्या. ब्रिटनमध्ये नुसत्या ‘कॉम्प्युटर सायन्स’ नावाची एमएस्सी अनेक ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांसाठी असते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि बर्मिंगहॅम ही त्याची ठळक उदाहरणे. इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना तिथे प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकवतात, आणि आपल्याकडचा बी.ई. झालेला विद्यार्थी तिथे चुकून गेला तर अर्धे वर्ष उजळणीत जाते. इंपीरियल कॉलेजात हाच भेद ‘कॉम्प्युटिंग’ आणि ‘ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग’ असा आहे. केंब्रिजची याच नावाची पदवी एमफिल आहे आणि ती मुख्यतः पुढे संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी आहे.

एमएस्सी एकूण १८० क्रेडिटांची असते. बहुतेक ठिकाणी त्यांपैकी १२० क्रेडिट दोन सत्रांतील विषयांना आणि ६० उन्हाळ्यातील प्रकल्पाला असतात. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे दहा तास गृहीत धरलेले असल्यामुळे १५ क्रेडिटांचा विषय म्हणजे दीडशे तासांचे काम. त्यातला वर्गात जाणारा वेळ अगदी थोडा असतो, उरलेला तुम्ही एकट्याने वाचण्यात, कोड लिहिण्यात आणि अहवाल तयार करण्यात घालवायचा असतो. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के, मेरिटसाठी ६० आणि डिस्टिंक्शनसाठी ७० टक्के लागतात. दहावीपासून नव्वदीत राहिलेल्या आपल्या मुलांना पहिल्या असाइनमेंटला ६२ गुण मिळाले की रात्री झोप लागत नाही. प्रत्यक्षात ते चांगले गुण असतात.

आता नोकरीतल्या ज्ञानाहून वेगळे काय, ते एका उदाहरणाने सांगते. अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणारी कुबरनेटीस ही प्रणाली वापरणाऱ्या कोणालाही एट्‌सीडी माहीत असते. कुबरनेटीसची माहिती अनेक यंत्रांवर एकसारखी ठेवणाऱ्या या साठ्यात हार्टबीटचा, म्हणजे लीडर (प्रमुख यंत्र) ‘मी चालू आहे’ असे इतरांना कळवतो त्या संदेशाचा, अवधी सहसा १०० मिलिसेकंद आणि नवा लीडर निवडण्यापूर्वी थांबण्याचा अवधी १००० मिलिसेकंद असा आधीच ठरवलेला असतो. नोकरीत आपण हे आकडे बदलतो, क्लस्टर (यंत्रांचा समूह) स्थिरावला की तिकीट (कामाची नोंद) बंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. वितरित प्रणालींच्या, म्हणजे अनेक यंत्रांनी मिळून चालणाऱ्या प्रणालींच्या, अभ्यासात प्रश्न उलट्या बाजूने येतो: मुळात असा टाइमआउट (थांबण्याची मर्यादा) लागतोच कशाला? फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले की, संदेश पोहोचायला किती वेळ लागेल याला काहीही मर्यादा नसलेल्या जाळ्यात, एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर यादृच्छिकतेचा आधार न घेणारा कोणताही अल्गोरिदम सर्व यंत्रांचे एकमत होईलच अशी हमी देऊ शकत नाही. बंद पडलेले यंत्र आणि फक्त मंदावलेले यंत्र यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही, हे त्यामागचे मर्म. एट्‌सीडीच्या मुळाशी असलेला २०१४ मधील राफ्ट हा अल्गोरिदम या अशक्यतेला वळसा घालतो. त्याची रचना अशी आहे की घड्याळ कितीही चुकले तरी माहितीत विसंगती येत नाही, फक्त काम काही काळ थांबू शकते. आणि लीडरपदाच्या दोन उमेदवारांमध्ये मते पुन्हापुन्हा विभागली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक यंत्राचा थांबण्याचा अवधी थोडा थोडा यादृच्छिक ठेवलेला असतो.

हे शोधनिबंध इंटरनेटवर मोफत मिळतात, मग त्यासाठी परदेशी कशाला जायचे, हा आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की निबंध वाचणे आणि त्याची परीक्षा घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट माणसांच्या धाकाशिवाय सहसा होत नाही. असाइनमेंटमध्ये ‘राफ्ट समजावून सांगा’ असे विचारत नाहीत. लेखकांनी कोणता दावा केला, त्याचा पुरावा कोणत्या प्रयोगाने दिला, तो प्रयोग कोणत्या परिस्थितीत फसला असता आणि तुलनेसाठी निवडलेली प्रणाली योग्य होती का, हे विचारतात. नुसता सारांश लिहून आणलात तर तुम्ही काठावर उत्तीर्ण होता. आपल्याकडे विद्यापीठाच्या परीक्षेत छापील उत्तर उतरवून काढण्याची सवय इतकी मुरलेली असते की स्वतःचे मत लिहिताना हात अडखळतो, आणि दुसऱ्याचे वाक्य संदर्भाविना वापरणे हा तिथे गंभीर शैक्षणिक गुन्हा मानला जातो, हेही अनेकांना उशिरा उमगते.

खरी पदवी मात्र प्रकल्पातच आहे. साठ क्रेडिट म्हणजे सहाशे तास, आणि या काळात मार्गदर्शक कोण आहे यावर तुमच्या वर्षाचे बरेवाईट ठरते. प्रसिद्ध नावापेक्षा आठवड्याला अर्धा तास नक्की देणारा आणि मसुदा वाचून परत करणारा मार्गदर्शक कितीतरी चांगला. विषयांची यादी जाहीर होण्याची वाट न बघता पहिल्याच सत्रात प्राध्यापकांना भेटायला सुरुवात करावी, आणि विषय इतका लहान निवडावा की जूनअखेर पहिले आकडे हातात असतील. कल्पना फोल ठरली तरी चालते. ती का फोल ठरली हे मोजून दाखवणाऱ्या प्रबंधाला उत्तम गुण मिळाल्याचे मी पाहिले आहे.  

आता पैशांचे. मोठ्या विद्यापीठांचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क आज साधारणपणे ३० हजार पौंडांच्या पुढे आहे, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. शिकताना आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि प्रकल्पाचा उन्हाळा हा सुट्टी धरला जात नसल्यामुळे तेव्हाही ही मर्यादा सुटत नाही. शिक्षणानंतर काम करण्यासाठीचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. म्हणजे तुम्ही २०२६ च्या सप्टेंबरात गेलात तर तुमच्या वाट्याला १८ महिनेच येतील. त्यामुळे ‘तिथल्या पगारातून कर्ज फेडू’ या एकाच हिशेबावर जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. पुण्याला परतून मिळणाऱ्या पगारातून हप्ता झेपतो का, ते आधी मांडून पाहा. तो झेपत नसेल तर गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन एखाद्या आयआयटीत एमटेक करणे अधिक शहाणपणाचे: दोन वर्षे लागतात, पण दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि प्रबंधाला जवळजवळ एक पूर्ण वर्ष हाती असते. संशोधनाची गोडी असेल तर ते वर्ष मला ब्रिटनमधल्या प्रकल्पाच्या तीन महिन्यांपेक्षा मोलाचे वाटते.

जाणारच असाल तर आधी शिष्यवृत्त्या धुंडाळा. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. मात्र नंतर भारतात परतून दोन वर्षे राहण्याची अट आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने मदत करते, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. निघण्यापूर्वीच्या महिन्यांत नवे फ्रेमवर्क शिकण्यात वेळ घालवू नका. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि सिद्धता लिहिण्याचा सराव यांत तो सत्कारणी लागेल, कारण वर्गात ते येते असे गृहीतच धरतात. आणि सीव्ही भारतातूनच तयार करून न्या: मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच खुले होतात, म्हणजे तुमचा पहिला विषयही संपलेला नसतो, आणि तेव्हा तुमच्याकडे दाखवायला पुण्यातली ती तीन वर्षेच असतात.