मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातर्फे गावातल्या महिलांना शिलाई मशीनं वाटावीत का?

नको. दोन लाखांत वीस मशीनं घ्यायची आणि गणपतीत वाटायची, असं तुम्ही लिहिलंय. वाडी साठ घरांची, हेही तुम्हीच लिहिलंय. साठ घरांत वीस जणी शिवायला बसल्या तर ब्लाउज शिवून घेणार कोण? फोटो मात्र झकास येतील.

मी कुडाळ तालुक्यात बचत गटांचे हिशेब आणि कागदपत्रं बघते, तेव्हा रोज जे समोर येतं ते सांगते. प्रशिक्षणाला आमच्याकडे तोटा नाही. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली, २०११ मध्ये उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. पापड, लोणची, अगरबत्ती, फिनेल, सगळ्याची प्रमाणपत्रं बायकांच्या ट्रंकेत आहेत. गाडं अडतं ते मे महिन्यातल्या रोकड्यावर आणि सातबाऱ्यावर.

आधी रोकडा. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि मिरगाच्या पावसाआधी सगळं आटपावं लागतं. आमसुलं करायची तर साली रसात घोळवायच्या, वाळवायच्या, परत घोळवायच्या. त्याला कडक ऊन लागतं. सरबताला साखर लागते पोत्यांनी. झाडावर चढणाऱ्या गड्याची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी द्यायची असते. बँक गटाला २० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देऊ शकते, पण मार्चअखेरच्या गडबडीत फाईल मागे पडली की पैसे हातात येईपर्यंत पाऊस दारात. मग बाई काय करते? ओले रतांबे आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळी होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ओल्या फळाच्या भावात त्यातलं तिच्या पदरात फारसं पडत नाही. २०२० मध्ये आलेल्या पीएमएफएमई या छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत खाद्यप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं, ते नेमकं हे ओळखूनच.

तुमचे दोन लाख इथे लावा. फेब्रुवारीतच गटाला आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि सरबताची ऑर्डर द्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. मंडळाच्या सभासदांनी वर्षाचं कोकम गावातून घेतलं तरी पहिल्या हंगामापुरतं गिऱ्हाईक झालं. देणगी म्हणून देऊ नका, खरेदी म्हणून द्या. माल खराब निघाला तर परत करा. बाटलीवर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक, बॅच, तारीख आणि वजन हवंच. ‘घरचंच आहे हो’ म्हणून सोडून दिलं की पुढे दादरच्या दुकानदाराकडे तोच माल उभा राहत नाही.

आता सातबारा. इथे दोषी तुम्ही मुंबईकर आहात, राग मानू नका. गटाला शेड बांधायची असते किंवा पडवीत मोठा ड्रायर बसवायचा असतो. जागा सामाईक, सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली चार वारलेल्यांची, बाकीची लालबाग ते विरार पसरलेली. घरपट्टीचा उतारा सासऱ्यांच्या नावावर. बँक भाडेकरार नाहीतर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागते आणि त्या घरात बारा महिने राबणाऱ्या सुनेचं नाव एकाही कागदावर नसतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे, पण अर्ज जागेपाशी येऊन थांबतो. सही मागायला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘गणपतीक येतंय, तेव्हा बघू.’ गणपतीत आरत्या होतात, भजनं होतात, सही राहते.

म्हणून यंदा येण्याआधी संमतीपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि ऋषिपंचमीच्या आत सगळ्यांच्या सह्या उरका. वारसनोंदी राहिल्या असतील तर त्याही करा. ज्यांची जमीन स्वतःच्या नावावर आहे त्यांनी लक्ष्मीमुक्ती योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज देऊन बायकोचं नाव सहधारक म्हणून लावावं. मंडळाचा एक पैसा खर्च न होता हे होईल आणि मशीनांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. विरोध मात्र मशीनांपेक्षा जास्त होईल.

आणखी एक. सगळ्याच बायकांना उद्योजिका व्हायचं नसतं. पुष्कळ जणींना महिन्याच्या महिन्याला पगार हवा असतो. काजूच्या कारखान्यात बिया फोडताना टरफलातल्या तेलाने हात सोलपटून निघतात, तरी बायका जातात, कारण आठवड्याचा हिशेब चोख होतो. त्यांना हातमोजे हवेत, भविष्य निर्वाह निधी हवा आणि रात्री मुक्कामाला येणाऱ्या वस्तीच्या गाडीआधीची एक एसटी हवी. एसटीसाठी आगाराकडे मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करा. मुंबईच्या पत्त्याला अजून थोडा मान आहे.

तुमचं गाव खाडीकाठी असेल तर वेंगुर्ल्याची मांडवी खाडी बघून या. तिथे ‘स्वामिनी’ गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनात फिरवतात. खाडी त्यांच्या ओळखीचीच होती. पावसाळ्यात असं काम बंद पडतं, हे मात्र हिशेबात धरा.

आगाऊ रक्कम गटाच्या बँक खात्यात भरा. सरपंचांच्या हातात नको, कुणाच्या नवऱ्याच्या गुगल पेवर तर नकोच.