‘वजिराचे बलिदान’ की ‘वजिराचा बळी’?

बुद्धिबळाच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे शाळकरी मुलांसाठी मराठी भाषांतर करणाऱ्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, ‘सॅक्रिफाइस’ हा एकच इंग्रजी शब्द देवळात, पटावर आणि घरात सारखाच चालतो, मग मराठीतच अडचण का व्हावी? ‘पांढऱ्याने वजिराचे बलिदान दिले’ असे लिहिले की त्यांना हसू येते. ‘वजिराचा बळी दिला’ असे लिहिले की क्रिकेटच्या बातमीतील ‘पाच बळी घेतले’ आठवते. आणि प्रस्तावनेतील ‘आईने मुलांसाठी करिअरचे बलिदान दिले’ हे वाक्य मालिकेतून उचलल्यासारखे वाटते. तिन्ही ठिकाणी बसेल असा एक शब्द त्यांना हवा आहे.

असा शब्द मराठीत नाही, आणि माझ्या मते तो शोधूही नये. ‘बळी’ हे नाम मराठीत एकट्याने अर्थ सांगत नाही. त्याच्यामागे ‘देणे’, ‘घेणे’, ‘जाणे’ की ‘पडणे’ यांपैकी काय आले आहे, यावर कोण देतो, कोण घेतो आणि कोणाचे जाते हे ठरते. इंग्रजीत जे काम एका शब्दावर टाकलेले आहे ते आपण क्रियापदांत वाटून घेतले आहे.

आधी मूळ शब्द पाहू. ‘बळी’ हे संस्कृत ‘बलि’चे तद्भव रूप असून ‘बलि’ म्हणजे वाटा, भेट, उपहार. त्यात मारण्याचा अर्थ मुळात नाही. पंचमहायज्ञ, म्हणजे गृहस्थाने रोज करायचे पाच यज्ञ, सांगताना मनुस्मृती ‘होमो दैवो बलिर्भौतो’ म्हणते, म्हणजे देवांसाठी होम आणि भूतमात्रांसाठी बली. आणि हा बली म्हणजे शिजवलेल्या अन्नाचे काढून ठेवलेले घास. राजाला प्रजेने द्यायचा वाटा हाही बलीच. लुंबिनीच्या स्तंभलेखात अशोकाने बुद्धाच्या जन्मगावाला ‘उबलिके’ केल्याचे, म्हणजे बली माफ केल्याचे कोरले आहे. तिथे माफ झाला तो कर, बकरा नव्हे. रघुवंशातील दिलीप राजा प्रजेच्याच भल्यासाठी तिच्याकडून ‘बली’ घेतो आणि कालिदास त्याला हजारपटीने परत देण्यासाठी पाणी शोषणाऱ्या सूर्याची उपमा देतो, तेव्हाही अर्थ करच आहे.

हा जुना अर्थ केवळ पोथ्यांत उरलेला नाही. लहानपणी आमच्या घराच्या वास्तुशांतीला दुपारच्या सुमारास गुरुजी म्हणाले, “आता बलिदान करायचे आहे,” आणि मी घाबरून आईचा पदर धरला. प्रत्यक्षात पत्रावळीवर दहीभाताची मूद, वर उडीद, हळद-कुंकू आणि एक पेटती वात एवढाच ऐवज होता. काकांनी तो उचलला, चौकाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला, मागे वळून न पाहता परत आले आणि हातपाय धुऊन घरात शिरले. शास्त्राच्या भाषेत बलिदान ते हेच. पशूऐवजी कोहळा कापण्याची रीतही अनेक घरांत आहे. उलट, जिथे खरोखर पशू दिला जातो तिथे माणसे ‘बळी’ हा शब्द सहसा उच्चारतही नाहीत. ‘देवीला बकरं दिलं’, ‘नवस फेडला’, कोकणात ‘राखण दिली’ असे म्हणतात. ‘बळी’ हा शब्द बहुधा बाहेरून पाहणाऱ्याचा, बातमीदाराचा किंवा कायद्याचा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात राज्याच्या नावानंतरचा पहिलाच शब्द ‘नरबळी’ हा आहे.

इतर भाषांतील शब्दांच्या मुळाशीही हत्या नाही, हे जाता जाता नोंदवतो. लॅटिनवरून आलेल्या ‘सॅक्रिफाइस’चा धात्वर्थ ‘पवित्र करणे’ असा आहे. ‘कुर्बानी’ ज्या अरबी धातूपासून आली त्याचा अर्थ ‘जवळ जाणे’ असा असून ‘करीब’ हा शब्दही त्याच घरचा. ‘यज्ञ’ म्हणजे काय, याचे श्रौतसूत्रातील, म्हणजे वैदिक यज्ञविधींच्या ग्रंथातील, उत्तर तीन शब्दांचे आहे: ‘द्रव्यं देवता त्यागः’. यातील ‘त्याग’ पुढे लागणार आहे, म्हणून तो इथेच बाजूला काढून ठेवू.

आता क्रियापदे. ‘बळी देणे’ या प्रयोगात देणारा एक, दिला जाणारा दुसरा आणि ज्याला द्यायचे तो तिसरा असतो, आणि दिल्या जाणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. ‘बळी घेणे’ म्हटले की देणारा नाहीसाच होतो: पुराने बारा बळी घेतले, खड्ड्याने तरुणाचा बळी घेतला. ‘बळी जाणे’ यात घेणाराही धूसर होतो, उरतो फक्त गेलेला. ‘बळी पडणे’ मात्र चमत्कारिक आहे, कारण तिथे मरायचीही गरज नसते आणि थोडा दोष पडणाऱ्याकडेही जातो: अफवांना बळी पडू नये, आमिषाला बळी पडला. बळी ‘पडलेल्या’ माणसाला आपण हळहळत का होईना, दोन शब्द सुनावतो. बळी ‘गेलेल्या’ला सुनावत नाही. इंग्रजी ‘व्हिक्टिम’ हा शब्दही मुळात यज्ञपशूचाच होता आणि तोही असाच वेदीवरून उतरून अपघाताच्या बातमीत आला. पण आपल्याकडे हा प्रवास क्रियापदांच्या खांद्यावरून झाला.

सामासिक शब्दांत क्रियापद नसते, म्हणून तिथे नीट पाहावे लागते. ‘नरबळी’, ‘पशुबळी’ यांत पहिले पद दिली जाणारी वस्तू सांगते. ‘भूकबळी’, ‘हुंडाबळी’ यांत ते घेणाऱ्याचे नाव सांगते. भूक कोणी वेदीवर चढवत नाही, भूकच घेते. आपल्या कायद्याच्या इंग्रजीत जो नुसता हुंड्यामुळे झालेला ‘मृत्यू’ आहे त्याला मराठीने ‘बळी’ म्हटले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. त्या एका शब्दात घेणारा कोणीतरी आहे हे सांगून झाले. ‘बळीचा बकरा’ही असाच तपासून वापरावा. तो ‘स्केपगोट’साठी, म्हणजे इतरांचा दोष ज्याच्या माथी मारला जातो त्याच्यासाठी, सर्रास लिहितात आणि आता रुळलाही आहे, परंतु बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात बोकड दोन आहेत: एक अर्पण केला जातो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला जिवंत रानात सोडतात. इंग्रजी शब्द त्या सुटलेल्या बोकडाचा आहे, आपला वाक्प्रचार कापल्या जाणाऱ्याचा.

‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला बळी आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ यातला बळी यांचा या चर्चेशी संबंध नाही. पहिला ‘बलिन्’ म्हणजे बलवान, दुसरा प्रल्हादाचा नातू. मथळ्यांत ‘बळीराजाचा बळी’ अशी कोटी दर हंगामाला दिसते. ती आता पुरे झाली.

क्रिकेटमध्ये ‘बळी’ हा ‘विकेट’साठीचा शब्द असून तो नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. १९९९ साली दिल्लीत अनिल कुंबळेने पाकिस्तानच्या एका डावात ७४ धावांत १० बळी घेतले, आणि ते दहाही जण संध्याकाळी हॉटेलात जेवले असणार, हे वाचकाला सांगावे लागत नाही. मैदानी खेळांत मरण असे स्वस्तच असते. हुतूतूत गडी ‘मरतो’ आणि थोड्या वेळाने ‘उठतो’ही. त्यामुळे बुद्धिबळाच्या पुस्तिकेत ‘बळी’ शब्द आला म्हणून गोंधळ होईल, ही भीती अनाठायी आहे. ‘काळ्याने हत्तीचा बळी घेतला’ असे लिहिले तर गोंधळ होईल, कारण काळ्याने हत्ती नुसता मारला की पांढऱ्याने तो मुद्दाम पुढे केला, हे कळणार नाही. ‘पांढऱ्याने हत्तीचा बळी दिला’ म्हटले की संदिग्धता संपते. पटावर बसणारे याहून साधे बोलतात: “घोडा दिला”, किंवा ‘सॅक्रिफाइस’ तोडून “इथे सॅक आहे”. मुलांच्या पुस्तिकेत पहिल्यांदा ‘बळी देणे’ समजावून सांगून पुढे नुसते ‘दिला’ वापरले तरी भागेल.

‘बलिदान’ इथे का खटकते, हेही एका डावावरून दाखवता येईल. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसन या बुद्धिबळपटूने किझेरित्स्की या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर दिला आणि उरलेल्या दोन घोडे व एका उंटाने मात केली. श्पीलमान या दुसऱ्या बुद्धिबळपटूने पुढे खरा बळी आणि दिखाऊ बळी असा भेद केला: परतफेड मोजून दाखवता येते तो दिखाऊ, येत नाही तो खरा. त्या कसोटीला लावले तर सगळ्यांना आठवणारा तो वजीर दिखाऊ ठरतो, कारण त्याच्या पुढच्याच चालीला मात आहे; तो रोखीचा सौदा झाला. हत्ती दिले तेव्हा मात्र हिशोब इतका सरळ नव्हता. पण कुठल्याही कसोटीने पाहिले तरी देणारा अँडरसन होता आणि गेला तो लाकडी वजीर. आजच्या मराठीत ‘बलिदान’ म्हणजे देणारा आणि दिला जाणारा एकच असणे. ‘हुतात्मा’ या शब्दात तर हे उघडच दिसते: ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. मुंबईतल्या हुतात्मा चौकाजवळून जाताना ज्या शब्दाने मान खाली जाते, त्याच्या शेजारच्या शब्दात लाकडी वजिराला बसवू नये. हा माझा आग्रह आहे. शब्दकोश कदाचित इतका कडक नसेल.

लेखनाची एक बाब इथेच उरकतो. ‘बलीदान’ हे रूप चुकीचे आहे. तत्सम शब्द मराठीत सुटा लिहिताना ‘बली’ असा दीर्घ लिहितात, पण समासात तो पहिले पद असला की मूळ ऱ्हस्व राहतो: कवी पण कविमन, तसेच बली पण बलिदान, बलिप्रतिपदा.

राहिली आई. बाजूला काढून ठेवलेला ‘त्याग’ इथे कामाला येतो. आहुती अग्नीत पडताना यजमान ‘अग्नये इदं न मम’ म्हणतो, हे अग्नीचे, माझे नव्हे. आणि हक्क सोडण्याचा हा उच्चार म्हणजेच त्याग. यात द्रव्य जाते, यजमान मागे उरतो आणि जगतो. म्हणून नोकरी, जमीन, झोप किंवा शिक्षण सोडणाऱ्या माणसाला ‘त्याग’ शोभतो, ‘बलिदान’ नाही. मात्र खुद्द ‘त्याग’ही आता सत्काराच्या भाषणांनी गुळगुळीत झाला आहे, आणि घरात तो कोणी म्हणत नाही. घरातली मराठी अजून त्या विधीच्याच भाषेत बोलते: दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून ‘पाणी सोडणे’, दिल्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवतात, त्यावरून ‘तुळशीपत्र ठेवणे’. “तिने नोकरीवर पाणी सोडले” या वाक्यात ‘इदं न मम’ पूर्ण उतरले आहे, आणि बोलणाऱ्या आजीला श्रौतसूत्राचे नावही ठाऊक असण्याची गरज नाही. खर्चापुरते बोलायचे तर ‘पदरमोड केली’, ‘पोटाला चिमटा घेतला’ हे शब्द आहेतच.

तेव्हा प्रस्तावनेत ‘आईने आमच्यासाठी नोकरीवर पाणी सोडले’ असे लिहावे, आणि वजिराचा ‘बळी द्यावा’. पुस्तिकेत पुढे ‘गँबिट’चे प्रकरण असणारच. सुरुवातीलाच एखादे प्यादे देऊन मोकळी वाट आणि चालींतली आघाडी मिळवायची, आणि ते प्यादे परत मिळेल याचा भरवसा धरायचा नाही, अशी ही रीत आहे. ‘गँबिट’ शब्द तसाच ठेवावा, पण त्याचा अर्थ सांगताना ‘प्याद्यावर पाणी सोडून केलेली सुरुवात’ असे लिहून पाहावे. मुलांना ते ‘प्याद्याच्या बलिदाना’पेक्षा लवकर कळेल.